काळे दिसले तर



गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना शौचाला डांबरासारखे काळे, चिकट होऊ लागले. "जांभळे बाधली असतील," म्हणून मी हसण्यावारी नेले. तिसऱ्या दिवशी त्या मोरीत घेरी येऊन पडल्या. गुडघ्यासाठी उपाशीपोटी घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी जठरात व्रण पडून रक्त वाहत होते. पोटातून खाली येईतो ते काळे पडते, हे मला कुठे ठाऊक! मी लाल रक्ताचीच वाट पाहणारी. डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घालून ते थांबवले.

लोहाच्या गोळ्यांनीही काळे होते, पण असे चिकट, उग्र वासाचे नव्हे. तसे दिसले, किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी झाली, तर सोडा-लिंबू काही पाजू नका. कुशीवर निजवा, लगेच इस्पितळ गाठा. गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. डॉक्टर आधी तेच विचारतात.