बातमी कोणाच्या आवडीची?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

संपाची, दुष्काळाची किंवा कारखान्यातील अपघाताची बातमी तुमच्या पानांवर का दिसत नाही, असे आपण बड्या वृत्तपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या चालकांना विचारले, तर त्यांचे उत्तर ठरलेले असते : "लोकांना हे नको असते. लोकांना जे आवडते तेच आम्ही देतो." हे उत्तर वरवर मोठे लोकशाहीवादी वाटते. म्हणूनच ते तपासून घेणे आवश्यक आहे.

प्रथम हिशेब पाहू. मोठ्या खपाचे दैनिक वाचकाच्या हाती ज्या किमतीस पडते, त्या किमतीत पुष्कळदा कागद आणि छपाई यांचाही खर्च भरून निघत नाही. ही तूट जाहिराती भरून काढतात. अर्थात मालकाचे खरे गिऱ्हाईक वाचक नसून जाहिरातदार होय, आणि त्याला विकला जाणारा माल म्हणजे वाचकाचे लक्ष. २०१२ साली देशातील एका बलाढ्य वृत्तपत्रसमूहाच्या चालकाने आपला धंदा वृत्तपत्राचा नसून जाहिरातींचा आहे, असे एका अमेरिकन साप्ताहिकाजवळ उघडपणे सांगितले होते. मोटारी आणि सदनिका विकणाऱ्या जाहिरातदाराच्या लेखी शेतमजुराच्या लक्षाला मोल नाही. तेव्हा 'लोकांची आवड' याचा अर्थ खर्च करू शकणाऱ्या लोकांची आवड असा होतो, आणि बाकीचे लोक मोजणीतूनच गळतात.

हा धोका आपल्या देशात फार पूर्वी ओळखला गेला होता. पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली पानांची संख्या आणि किंमत यांची सांगड घालावी, अशी शिफारस केली. जाहिरातींच्या बळावर जाडजूड अंक स्वस्तात विकून लहान पत्रांना चिरडता येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. १९५६ साली त्यासाठी कायदा झाला आणि १९६० साली त्याखालील आदेश निघाला. परंतु त्याला आव्हान दिले ते कोणा मक्तेदार साखळीने नव्हे, तर पुण्याच्या 'सकाळ'ने; आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच करणारा म्हणून रद्द ठरवला. सरकारच्या हाती पाने मोजण्याचा अधिकार देण्यात धोका आहे, ही भीती निराधार नव्हती. मात्र बाजाराच्या हाती तोच अधिकार गेल्यावर काय होते, हे त्यानंतरच्या काळाने दाखवले.

पी. साईनाथ यांनी नोंदवलेले एक उदाहरण आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. २००६ साली मुंबईतील एका फॅशन सोहळ्यासाठी ५१२ पत्रकारांची अधिकृत नोंद झाली होती. तेथे सुती वस्त्रांचे प्रदर्शन चालले होते. त्याच काळात विमानाने तासाभराच्या अंतरावर, विदर्भात, तो कापूस पिकवणारे शेतकरी आत्महत्या करीत होते. तेथे बाहेरून गेलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते.

नफ्याची ही रीत येथेच थांबत नाही. २००९ सालच्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती बातमीच्या वेषात छापून आली. एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत जवळजवळ शब्दशः सापडला. प्रेस कौन्सिलने नेमलेल्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० साली या 'पेड न्यूज'वर सविस्तर अहवाल दिला. परंतु कौन्सिलने प्रथम त्याचा त्रोटक गोषवाराच प्रसिद्ध केला. पूर्ण अहवाल जनतेसमोर यावयास २०११ साल उजाडले, तेही केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर!

आता आवडीच्या मोजणीविषयी. २०२० साली देशात सुमारे २१ कोटी घरांत दूरचित्रवाणी संच होते, तर मापनयंत्रे सुमारे ४४ हजार घरांत. गैरप्रकारांच्या आरोपांनंतर त्या ऑक्टोबरपासून मार्च २०२२ पर्यंत वृत्तवाहिन्यांची प्रेक्षकसंख्या जाहीर करणे बंद राहिले. आकडे थांबले, पण पडद्यावरील आरडाओरड थांबली नाही. आवड दाखवणारा काटाच समोर नसताना ही मंडळी कोणाची आवड पुरवीत होती?

उलट अनुभव मार्च २०१८ चा आहे. ६ मार्चला नाशिकहून हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, वनजमिनीच्या हक्कासाठी आणि कर्जमुक्तीसाठी सुमारे १८० किलोमीटरच्या पायी वाटचालीस निघाले. प्रारंभीचे दिवस बड्या माध्यमांना त्यात बातमी दिसली नाही. मोर्चा मुंबईच्या वेशीवर आला तेव्हा कॅमेरे धावले. परीक्षेस जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून ही माणसे रात्रीतून चालत आझाद मैदानावर पोहोचली. आणि ज्या शहरी मध्यमवर्गाला म्हणे असल्या बातम्या नकोशा असतात, तोच अन्न, पाणी आणि फोड आलेल्या पायांसाठी चपला घेऊन रस्त्यावर उतरला. आस्था होती, तिच्यापर्यंत बातमी पोहोचवली गेली नव्हती.

मित्रहो, येथे आत्मपरीक्षणही करावयास हवे. आपल्या पत्रांतून वक्त्यांच्या नावांची यादी आणि ठरावांची भाषा छापून आपण वाचकाला कंटाळा आणला असेल, तर दोष वाचकाच्या रुचीचा नाही. रुची जन्मजात नसते. जे वारंवार समोर येते त्यातून ती घडते. १८७७ साली निघालेल्या 'दीनबंधू'ने जाहिरातदाराची वाट पाहिली नाही. त्याने शेतकऱ्याला आणि कामगाराला वाचक मानले.

म्हणून दोन कामे आपल्या हातची आहेत. विकलेली जागा बातमी म्हणून खपवली जाईल तेथे पुराव्यानिशी तक्रार करा. आणि आपल्या खात्यातील, गावातील, वस्तीतील घटना स्वतः लिहून पाठवा : कोण, कोठे, किती मजुरी, किती तास. पत्राची वर्गणी भरणारा वाचकच पत्राचा मालक असतो. ती मालकी आपण सोडली, तर आपली आवड दुसरा कोणी ठरवील आणि तिच्या नावाने आपल्यालाच विकील.