सुटीचा भाव



अंजूर हे नाव इतिहासाच्या वाचकाला परके नाही. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांना साह्य करणारे गंगाजी नाईक अंजूरकर याच गावचे. गेल्या दोन-तीन दशकांत मात्र भिवंडी तालुक्याच्या या पट्ट्याची ओळख पालटली. अंजूर, माणकोली, वळ, दापोडे, पूर्णा, काल्हेर ही नावे आज माल साठवणाऱ्या कंपन्यांच्या पत्त्यांत वाचावयास मिळतात. भाताच्या खाचरांत भराव पडला, भरावावर पत्र्याची गोदामे उभी राहिली. खाडीकाठी चिंबोऱ्या धरणाऱ्या माणसांची नातवंडे आता त्या गोदामांत खोकी मोजतात.

या मुलांच्या मुलांना भाताचे रोप पाहावयाचे असेल तर काय करावे लागते? मुरबाड, शहापूर वा कर्जत तालुक्यातील एखाद्या 'कृषी पर्यटन केंद्रा'त आगाऊ पैसे भरून जागा राखून ठेवावी लागते. तेथे बैलगाडीची फेरी असते, चुलीवरची तांदळाची भाकरी असते, आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उतरून रोपे लावण्याची सोय असते. आजोबा जे काम पाठ मोडेपर्यंत करीत, तेच काम नातू आता पैसे मोजून तासभर करतो. यात हसण्यासारखे काही नाही. मुलांना मातीची ओढ असावी, आईबापांनी दोन दिवस त्यांच्यासोबत मोकळेपणी घालवावेत, ही इच्छा निरोगीच आहे. प्रश्न एवढाच की ही इच्छा पुरी करण्याचा भाव काय, आणि तो कोणास परवडतो.

साधा हिशेब मांडून पाहावा. चौघांचे कुटुंब धरावे: गोदामात रोजंदारीवर काम करणारा बाप, घरी शिवणकाम करणारी आई आणि शाळेत जाणारी दोन मुले. एक मुक्काम आणि चार वेळचे खाणे यांचा दर माणशी पंधराशे रुपये धरला, मुलांना अर्धा आकार लावला, तरी साडेचार हजार होतात. जाण्यायेण्याचे हजार-पंधराशे वेगळे. बापाचा रोज सहाशे रुपये असेल तर ही दहा दिवसांची मजुरी झाली. पण एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. ते दोन दिवस त्याला रजेचे मिळत नाहीत, खाड्याचे मिळतात. म्हणजे आणखी बाराशे रुपये. कायम नोकरीतला गृहस्थ सुटीची किंमत एकदा देतो. रोजंदारीचा कामगार ती दोनदा देतो: एकदा केंद्राच्या मालकाला आणि एकदा मुकादमाच्या हजेरीवहीत.

हा दुसरा भाव कोणत्याही जाहिरातीत छापलेला नसतो, म्हणून त्याचा विचार आधी केला पाहिजे.

या देशात कामगाराची सुटी ही कोणाची मेहेरबानी नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली. संविधानाच्या ४३ व्या कलमात निर्वाहवेतनाबरोबर विश्रांतीचा आणि सामाजिक-सांस्कृतिक संधींचा पुरेपूर उपभोग कामगारांना मिळावा, असे राज्याचे धोरण सांगितले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती संहिता अंमलात आली. कागदावर पाऊल पुढे पडले आहे.

पण कागद आणि भिवंडी यांच्यामध्ये कंत्राटदार उभा आहे. मजूर तोच, गोदाम तेच, पण दर काही महिन्यांनी हजेरीपत्रकावरचे कंत्राटदाराचे नाव बदलते. मग २४० काय आणि १८० काय, दिवस भरत नाहीत. यंत्रमागाच्या शेडमध्ये मजुरी विणलेल्या कापडावर मोजली जाते. माग थांबला की मजुरी थांबली. एकाच छपराखालचे माग निरनिराळ्या नावांवर दाखवून कामगारांची संख्या दहाच्या आत ठेवली, की कायद्याचा हात तेथवर पोचत नाही. अशा ठिकाणी 'सुटी घ्या' हा उपदेश 'उपाशी राहा' या उपदेशाहून फारसा वेगळा नाही.

आता पहिल्या, म्हणजे छापील भावाकडे वळावे. तो इतका का चढतो? केंद्र चालवणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी सारा दोष मारणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. त्याच्या खोल्या सोमवार ते शुक्रवार रिकाम्या असतात. शनिवार-रविवार, दिवाळी आणि मे महिना यांतच त्याला वर्षाचा खर्च काढावा लागतो. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि शेतकऱ्याला जोडधंदा मिळावा हा त्याचा हेतू योग्यच होता. परंतु त्या धोरणात पाहुणा म्हणून जो कल्पिला आहे तो मोटारीतून येणारा आहे. एस.टी.ने येणारा पाहुणा त्यात कोठे दिसत नाही. शिवाय शेतकऱ्याच्या मागोमाग भांडवलवाला येतो, डोंगरउतार विकत घेतो, पोहण्याचा तलाव बांधतो आणि त्याला 'गाव' असे नाव देतो. मग परिसराचा दर तो ठरवतो आणि लहान शेतकरी त्याच्या मागून फरफटत जातो.

सरकारी करानेही येथे आपला वाटा उचलला आहे. दिवसाला हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांना वस्तू व सेवा करातून सूट होती. १८ जुलै २०२२ पासून ती काढून त्यांवर १२ टक्के कर बसवण्यात आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला, परंतु गरिबाच्या खोलीवर कर नसावा हे पूर्वीचे तत्त्व परत आले नाही. प्रवासाचेही तसेच. एस.टी.चे भाडे जानेवारी २०२५ मध्ये सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. खाजगी बसने एस.टी.च्या दीडपटीहून अधिक भाडे घेऊ नये असा नियम २०१८ मध्ये झाला. गणपतीत आणि मे महिन्यात त्या नियमाचे काय होते हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक आहे. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली, म्हणजे आजीला बरोबर नेणेही महाग झाले. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलत ही या काळातील उलट दिशेची गोष्ट. ती मिळताच बायका एकट्यादुकट्या माहेरी, देवदर्शनाला, नातेवाइकांकडे जाऊ लागल्या. इच्छा होतीच, आड येत होते ते भाडे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो चळवळीतल्या माणसांकडूनही घेतला जातो. भाकरीचा प्रश्न सुटलेला नसताना सहलीचा प्रश्न कशाला, असे विचारण्यात येते. याचे उत्तर १९३६ च्या फ्रान्सने देऊन ठेवले आहे. त्या वर्षी लोकआघाडीचे सरकार आले, कामगारांनी कारखाने व्यापले, आणि वेतनवाढीबरोबरच पंधरा दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. त्या सरकारातील लिओ लाग्रांज यांनी रजेवर जाणाऱ्या कामगारासाठी रेल्वेचे सवलतीचे तिकीट काढले. हजारो कुटुंबांनी त्या उन्हाळ्यात आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. भाकरी आणि विश्रांती या मागण्या तेथे एकाच मोर्चातून पुढे आल्या. एकीमुळे दुसरी दुबळी झाली नाही.

परंतु फ्रान्सचा पुढला अनुभव अधिक बोलका आहे. रजा आणि तिकीट मिळाले तरी राहावयाचे कोठे, हा प्रश्न उरला. त्यासाठी १९५८ मध्ये 'कौटुंबिक सुटी-ग्रामे' चालवणारी एक ना-नफा संस्था स्थापन झाली. तिच्या कामाला सार्वजनिक पैशाचे आणि स्थानिक नगरपालिकांचे पाठबळ होते, आणि कमी उत्पन्नाच्या घरांना कुटुंबभत्ता निधीतून साह्य मिळे. १९८२ मध्ये मालकाच्या वाट्याने मिळणारे सुटीचे धनादेशही सुरू झाले. पुढे वारे फिरले. चालू शतकाच्या आरंभी त्या सुटी-ग्रामांचा मोठा भाग व्यापारी कंपनीकडे गेला. आज युरोपातील खाजगी सुटी-ग्रामांत शाळेला सुटी लागली की दर चढतात, आणि मुले असलेल्या कुटुंबांनाच तो दर द्यावा लागतो, कारण त्यांना दुसरे दिवस निवडता येत नाहीत. जागा समाजाच्या मालकीची असेल तरच भाव कुटुंबाच्या आवाक्यात राहतो, हा यातला धडा आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. रेल्वेमंत्री असताना मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणल्या आणि १९७७ मध्ये मुंबई-हावडा मार्गावर वर्गविरहित गीतांजली एक्स्प्रेस सुरू केली. सामान्य प्रवाशाच्या पाठीला आराम मिळणे हा राजकारणाचाच विषय आहे, हे त्यांनी कृतीने दाखवले. कोकण रेल्वेसाठी दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस झटले, त्यामागेही गावी जाणाऱ्या चाकरमान्याचे हाल होते. राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांत पिढ्यान् पिढ्या मुले शाळेच्या ओसरीवर सतरंजी अंथरून झोपली, रांगेत बसून पिठले-भात जेवली आणि आयुष्यभराची मैत्री घेऊन घरी आली. त्या शिबिरांना कधी कोणी 'पर्यटन' म्हटले नाही. पण थोड्या खर्चात गावी राहता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

मग करावयाचे काय? राज्यकर्त्यांपुढे मांडण्याच्या मागण्या स्पष्ट आहेत. मुख्य मालकाने कंत्राटी कामगाराच्या रजेचा हिशेब ठेवावा. कंत्राटदार बदलला तरी दिवस तुटू नयेत. हजार रुपयांखालच्या खोलीवरचा कर पुन्हा रद्द व्हावा. सरकारी नोकराला गावी जाण्यासाठी प्रवास-सवलत मिळते, म्हणजे तत्त्व राज्याने मान्य केलेलेच आहे. तेच असंघटित कामगाराला १९५३ च्या कामगार कल्याण निधीच्या मार्गाने लागू करावे, आणि त्यात गोदामवाल्या कंपन्यांचा वाटा घ्यावा. ज्या जमिनीवर त्यांची गोदामे उभी आहेत तेथली मोकळी हवा त्यांनीच संपवली आहे.

काही कामे मात्र मागणीवाचून होण्यासारखी आहेत. मे महिन्यात खेड्यापाड्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळा कुलूपबंद असतात. ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनी रीतसर परवानगी मिळवून त्यांच्या चार खोल्या महिनाभर उघडल्या, गावातील बचत गटाने ठरल्या दराने स्वयंपाक केला, आणि भिवंडीच्या कामगार वस्तीतील वीस कुटुंबे आळीपाळीने तेथे चार-चार दिवस राहिली, तर खर्च भाडे आणि शिधा यांपुरताच उरेल. पैसा गावातल्या बायकांच्या हाती जाईल. मागावर काम करणाऱ्या उत्तर प्रदेशच्या नि तेलंगणाच्या मुलांना आगरी आणि आदिवासी घरची मुले भेटतील. शौचालय, पाणी, रात्रीचा दिवा आणि मुलींची सुरक्षितता यांची जबाबदारी नावानिशी वाटून घ्यावी लागेल. शिबिरे मोडतात ती अशाच गोष्टींवरून. एका तालुक्यातील एका शाळेपासून आरंभ झाला तरी पुरे.

अंजूरच्या पोराने खाचर पाहण्यासाठी बापाची दहा दिवसांची मजुरी मोजावी, ही गोष्ट नैसर्गिक नाही. ज्या हातांनी ही जमीन पिकवली आणि ज्या हातांनी तिच्यावरची गोदामे उभारली, त्या हातांना वर्षात चार दिवस मोकळे राहण्याचा हक्क आहे. येत्या मे महिन्याला अजून अवकाश आहे. शाळेच्या किल्ल्या कोणाकडे असतात, ही चौकशी आजच करावी.