नामपत्राच्या मागचं पान



‘आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीची पोथी आहे, किती येतील हो तिचे?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. पोथी छापील ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ असेल, तर उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. या पोथ्या घरोघरी होत्या आणि लाल फडक्यात बांधून जपल्या गेल्या, त्यामुळे आजही त्या भरपूर सापडतात. त्याउलट १९६३ सालची ‘कोसला’ मुखपृष्ठासकट शोधून पाहा. कादंबरी कोणी फडक्यात बांधत नाही. ती उसनी जाते, वसतिगृहात फिरते, प्रवासात दुमडते आणि शेवटी रद्दीत जाते. म्हणून संग्रह करायचा, तर नुसत्या वयाकडे पाहू नका. अगदीच टोकाचं उदाहरण हवं तर फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ घ्या. १६१६ साली ते गोव्यात राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं, पुढे आणखी दोनदा छापलं गेलं, आणि या तिन्ही छपाईंची एकही प्रत आज कुठे असल्याचं ठाऊक नाही. आपल्याला ते मिळणार नाही, तेव्हा आपल्या आवाक्यातल्या पुस्तकांकडे वळू.

पुस्तक हातात आलं की आधी नामपत्र उलटा आणि त्याच्या मागचं पान वाचा. १८६७च्या कायद्यामुळे आपल्याकडे प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव, गावासह, छापावं लागू लागलं. सरकारनं तो कायदा छापखान्यांवर नजर ठेवायला केला, पण संग्राहकाचं काम त्यानं सोपं केलं. ‘पहिली आवृत्ती १९६३’ एवढं वाचून खूश होऊ नका. ती ओळ नंतरच्या छपाईतही इतिहास म्हणून असते, आणि तिच्याखाली पुढच्या आवृत्त्यांची यादी असते. ‘कोसला’ प्रथम काढली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं. पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली. प्रकाशकाचं नाव पॉप्युलर दिसलं की प्रश्न संपला, मग विकणारा काहीही सांगो.

जुन्या पुस्तकावर पुष्कळदा फक्त शक असतो. त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या महिन्यांसाठी ७९. सालच छापलेलं नसेल तर किंमत पाहा. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ला, तेव्हा किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा त्याआधीचं. एवढ्यानंही उलगडा झाला नाही तर ग्रंथालयात जाऊन शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ मागा. तिच्या पहिल्या भागात १८००पासून १९३७पर्यंतच्या मराठी पुस्तकांची नोंद आहे. दात्यांची सूची न चाळता जुन्या मराठी पुस्तकांवर पैसे घालणाऱ्याचं मला नवल वाटतं.

आणखी एक. आपल्याकडे कित्येक कृतींचा पहिला अवतार पुस्तकात नाही, नियतकालिकात आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. नंतरच्या काळात हे काम दिवाळी अंकांनी केलं. चित्रकार दलालांचं मुखपृष्ठ असलेला जुना दिवाळी अंक रद्दीवाल्याकडे दिसला तर अनुक्रमणिका वाचल्याशिवाय खाली ठेवू नका. आणि रद्दीवाल्याकडे जायचं ते दिवाळीच्या साफसफाईत, किंवा एखादा जुना वाडा पुनर्विकासाला निघाला की. तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात.

आता स्वाक्षरी. सही पाहिली की माणूस विरघळतो, आणि नेमकं तेव्हाच सावध राहायचं. आधी तारखा जुळवा. केशवसुत १९०५ साली गेले आणि त्यांचा संग्रह पुस्तकरूपानं आला तो त्यांच्या पश्चात. त्यावर त्यांची सही असणं शक्यच नाही. मग पान उजेडात तिरकं धरा: पेनाचा दाब, शाईचा कमीजास्तपणा दिसतो का? लेखकाच्या छायाचित्राखाली ठशावरून छापलेली सही अनेक पुस्तकांत असते, ती भिंगाखाली लगेच ओळखू येते. नुसत्या सहीपेक्षा कोणाला दिली हे लिहिलेली प्रत मला मोलाची वाटते. कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ १९४२ साली वि. स. खांडेकरांनी स्वखर्चानं प्रकाशित केली. पुढे दोघांनाही ज्ञानपीठ मिळालं. कुसुमाग्रजांनी खांडेकरांना लिहून दिलेली प्रत निघाली, तर तिची किंमत मी तरी सांगू शकणार नाही! पण कोण्या अप्रसिद्ध शाळामास्तरांना कवीनं प्रेमानं लिहून दिलेल्या चार ओळीही सोडू नका.

ग्रंथालयाचा शिक्का असलेल्या प्रतीबाबत मी कडक आहे. ‘निर्लेखित’ किंवा ‘रद्द’ असा शिक्का नसेल तर ती प्रत चोरीची असू शकते. घेऊ नका, शक्य असेल तर त्या ग्रंथालयाला कळवा.

घरी आणलेल्या पुस्तकाचं सर्वांत जास्त नुकसान हौशी मालक करतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका: काही वर्षांत टेप गळून पडते, तिचा पिवळा डाग राहतो. मुखपृष्ठ लॅमिनेट करू नका. बाइंडरकडे देऊन नवीन पुठ्ठ्यात बांधून आणू नका. तो मूळ मुखपृष्ठ काढून टाकतो आणि कडा मशीनवर कापतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, त्यामुळे त्या वर्षांतल्या पुस्तकांची पानं ठिसूळ असतात. ती पूर्ण उघडून सपाट दाबू नयेत. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. कसर लागू नये म्हणून जुने लोक वेखंड ठेवत. खुशाल ठेवा, पण पुरचुंडीत, पानांत नको. स्वतःचं नाव घालायचंच असेल तर मऊ पेन्सिलीनं, कोपऱ्यात.

पैशाबद्दल थोडक्यात सांगतो. मराठी पुस्तकांना समभागांसारखा बाजार नाही. चार माणसांना हवं असेल तर भाव चढतो, त्यातले दोघे थांबले की उतरतो. गुंतवणूक म्हणून या वाटेला जाऊ नका. एखादा लेखक, एखादा प्रकाशक किंवा एखादा चित्रकार धरा. मर्ढेकर धरलेत तर ‘शिशिरागम’, मग १९४७ची ‘काही कविता’, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हाची वृत्तपत्रं, अशी ओळ लागत जाते.

आणि प्रत्येक पुस्तकाची वहीत नोंद करा: कुठून घेतलं, केव्हा, कितीला, आवृत्ती कोणती. ही वही कुठे आहे ते घरच्यांना सांगून ठेवा. संग्रह ग्रंथालयाला द्यायचा विचार असेल तर आधी लेखी विचारा, की ही पुस्तकं देवघेव विभागात जाणार की दुर्मीळ विभागात. देवघेव विभागात गेली, तर महिन्याभरात त्यांच्या नामपत्रावर शिक्का बसेल आणि मुखपृष्ठ बाइंडरच्या टोपलीत जाईल. लेखी उत्तर येईपर्यंत पेट्या हलवू नका.