सेवेंतील थोरवी

मोठेपण कोणास नको असतें? शाळेंतील मूल पहिल्या नंबरासाठीं धडपडतें, तर सभेला आलेल्या गृहस्थांचा डोळा पुढच्या खुर्चीवर असतो. प्रभु येशू ख्रिस्ताचे बारा शिष्यही या हौसेपासून मुक्त नव्हते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत अशी हकीकत आहे कीं, जब्दीचे पुत्र याकोब व योहान यांनीं गुरूच्या वैभवकाळीं त्याच्या उजव्या व डाव्या बाजूच्या जागा आपणांस मिळाव्या अशी मागणी केली. मत्तय ही मागणी त्यांच्या आईच्या तोंडीं घालतो. तें ऐकून उरलेले दहा जण संतापले. हा संताप न्यायाचा होता, कीं त्याच जागांवर त्यांचाही डोळा होता, हें सांगावयास फार मोठा मानसशास्त्रज्ञ नको!

ख्रिस्तानें मोठे होण्याची इच्छा निषिद्ध ठरविली नाहीं. त्यानें तिची वाट बदलली. सत्ता गाजविण्याची राज्यकर्त्यांची रीत त्यानें बाजूस सारली. थोर होऊं इच्छिणारास सेवकाची आणि पहिला मान मागणारास दासाची जागा दाखविली. आज हें वचन कानाला गोड वाटतें. परंतु त्या काळच्या रोमन साम्राज्यांत दास म्हणजे मालकाची मालमत्ता होती. ऐकणारांस तें शब्द झोंबले असतील यांत संशय नाहीं.

पुढें शेवटच्या भोजनाच्या रात्रीं त्यानें कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्या देशांत वाटा धुळीच्या आणि पायांत नुसते चपलेसारखे जोडे. म्हणून पाय धुणें हें हलक्या नोकराचें काम समजलें जाई. पेत्रानें आपले पाय धुऊं देण्याचें नाकारलें. वरवर पाहतां ती नम्रता होती. पण दुसऱ्याकडून सेवा घेण्यासही अहंकार सोडावा लागतो, हें त्यास त्या रात्रीं शिकावें लागलें.

हें तत्त्व आपल्याच प्रांतांत कसें आचरिलें गेलें याचें उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांच्या संस्कृत विद्वत्तेचा गौरव करून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथें पतित मानलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी जवळ करतात, हें पाहून त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. १८८९ सालीं मुंबईस त्यांनीं विधवांसाठीं शारदा सदन काढलें. त्यांच्या धर्मांतरावरून पुढें पुण्यांत मोठा वाद माजला. परंतु १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हां त्या मध्यप्रांतांत गेल्या व शेंकडों निराधार मुली घेऊन आल्या. स्वतःचे आईबाप त्यांनीं दुष्काळांतच गमावले होते. भूक म्हणजे काय हें त्यांस कोणी सांगावयास नको होतें. पुण्याजवळ केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. आयुष्याचीं शेवटचीं पंचवीस वर्षें, १९२२ सालीं देह ठेवीपर्यंत, या विदुषीनें तेथेंच वेंचलीं.

तेथें मुलींस केवळ अन्न मिळालें नाहीं. त्या लिहूं-वाचूं लागल्या, विणकाम शिकल्या, छापखान्यांत खिळे जुळवूं लागल्या. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचें मराठी भाषांतर केलें, तेंही साध्या बायकांस कळेल अशा बोलींत. पंडितेनें आपलें पांडित्य अडाण्यांच्या पायरीपर्यंत उतरविलें, ही माझ्या मतें त्यांची खरी पदवी होय.

येथें एक शंका उभी राहते. मोठें होण्यासाठींच सेवा केली, तर ती जुनीच महत्त्वाकांक्षा नव्या वेषांत आली असें नाहीं काय? ही शंका रास्त आहे. फोटो निघेपर्यंत खराटा हातीं धरणारे पुढारी आपण पाहतों. म्हणून कसोटी सेवकाकडे पाहून लावूं नये. ज्याची सेवा झाली त्याच्याकडे पाहून लावावी. तो ताठ उभा राहिला, कीं उपकाराच्या ओझ्याखालीं अधिकच वांकला? पहिली गोष्ट घडली असेल तर ती सेवा. दुसरी घडली असेल तर ती सत्ताच, फक्त आवाज मऊ!

श्रोतेहो, अशा थोरवीस सिंहासन लागत नाहीं, कीं जाहीर सभा लागत नाहीं. घरांत अंथरुणाला खिळलेलें माणूस असेल, तर ती जागा तेथेंच रिकामी आहे. आणि तिच्यासाठीं भांडण करावयास सहसा कोणी येत नाहीं.