आरसी विमानं, ज्वारीचं शेत आणि ट्रेनर स्विच

(एपिसोडचा हा मजकूर थोडा साफ केलाय. ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ निम्मे काढलेत.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की दर रविवारी पहाटे उठून तुम्ही करता काय, ड्रोन उडवता का? नाही हो. ड्रोनच्या स्टिक सोडल्या तरी तो हवेत एका जागी थांबतो, त्याचं डोकं त्याच्यातच असतं. आमच्या विमानाचं डोकं जमिनीवर ट्रान्समीटर धरून उभं असतं, आणि बहुतेक वेळा घाबरलेलं असतं.

आमचं ग्राउंड पुण्याबाहेर आहे. एका बाजूला लोहगाव, दुसऱ्या बाजूला एनडीए, दोन्हींपासून लांब अशी मोकळी जागा मिळणं सोपं नाही. शेवटी एका शेतकरी दादांच्या पडीक रानात जमलं. कायद्याचं म्हणाल, तर २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदाच्या मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे: वजन २५ किलोपर्यंत, आणि उडवायचं फक्त नजरेच्या टप्प्यात. वजनाचा प्रश्नच नाही, आमचं सगळ्यात जड विमान तीन किलोचंही नाही. पण ‘नजरेच्या टप्प्यात’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता अपघात. ते ऐकायलाच आलाय ना तुम्ही?

क्लबमधल्या एकाने रात्री जागून थर्माकोलचा पंख जोडला, तोही सायनोने, म्हणजे ते बोटं चिकटवणारं ग्लू. साधा सायनो थर्माकोल खातो. सकाळी डिकी उघडली तर पंखाला वाटीएवढं भोक. दुसरा एक, आयटीवालाच, त्याने ट्रान्समीटरमध्ये भलत्याच विमानाची मेमरी निवडली आणि त्यात एलेरॉन उलटे होते. विमान उचललं, जरासं उजवीकडे कललं, त्याने डावी स्टिक दिली, ते आणखी कललं, त्याने आणखी दिली. तीन सेकंदांत खेळ खलास. तेव्हापासून नियम झाला: टेकऑफच्या आधी दुसऱ्या माणसाने विमानाच्या मागे उभं राहून मोठ्याने बोलायचं. उजवी स्टिक, उजवं एलेरॉन वर, डावं खाली. आम्ही याला कोड रिव्ह्यू म्हणतो. ऑफिसातल्यापेक्षा हा जास्त मनापासून होतो.

आणि ज्वारी. पडीक रानाच्या पलीकडे ज्वारी आहे, आणि विमानाला तीच आवडते. पुरुषभर उंच पिकात पांढरं विमान वीस फुटांवरूनही दिसत नाही. मग ज्याने पडताना पाहिलं त्याने जागचं हलायचं नाही. तो क्षितिजावरचं एखादं झाड धरतो आणि फोनवर सांगत राहतो, “डावीकडे घे, अजून, सरळ जा.” आत एकानेच जायचं, तेही दोन ओळींच्या मधून, आणि ताटं मोडली तर दादांना पैसे द्यायचे. ते घेत नाहीत, तो भाग वेगळा. त्यांचा नववीतला मुलगा आमच्या कुणाहीपेक्षा लवकर विमान शोधतो. त्या बदल्यात त्याला उडवायला शिकायचं होतं, आणि तो काकांकडे शिकायला लागला.

काका म्हणजे आमचे काका, आडनाव कुणी घेत नाही. एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते. तेव्हा कंट्रोल-लाइन विमानं असायची, दोन तारांना बांधून स्वतःभोवती गोल फिरवायची. इंजिन कलकत्त्याचं ऑरोरा, इंधनात ईथर, रॉकेल आणि एरंडेल. तो वास अजून स्वप्नात येतो म्हणतात.

आम्हा सगळ्यांना शिकवलंय त्यांनीच. विमान आपल्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं आणि नवखा तिथेच हमखास आपटतो. काकांचं एकच वाक्य असायचं: “जो पंख पडतोय त्याच्याखाली स्टिक लाव. टेकू दे त्याला.” डावं-उजवं आठवायचंच नाही. मी हेच वाक्य पुढे चौघांना दिलंय.

वर्षभरापूर्वी काका लँडिंगला चुकायला लागले. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणायचे. मग एकदा विमान वळणावर असताना हळूच विचारलं, “कुठंय रे?” आम्ही तिघांनी बोलून बोलून ते उतरवलं. काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसतं, कडेची नजर गेलीय, आणि ती परत येत नाही.

क्लबमध्ये वाद झाला, चांगलाच. एकजण म्हणाला, खाली पोरं असतात, दादांची गुरं असतात, दीड किलोचं विमान कुणाच्या डोक्यात गेलं तर? त्याचं चूक नव्हतं. दुसरा म्हणाला, मग तू जाऊन सांग त्यांना. कुणीच गेलं नाही. तीन रविवार काका आलेच नाहीत.

उपाय आमच्याकडे होताच, शिकाऊंसाठी ठेवलेला. दोन ट्रान्समीटर जोडायचे. मास्टरवाल्याने स्विच दाबून धरला की विमान दुसऱ्याच्या हातात, सोडला की परत मास्टरकडे. काकांना फोन केला तर भडकले, “मी काय शिकाऊ आहे?” मग नववीवाल्याने फोन घेतला. म्हणाला, “काका, मला लँडिंग जमत नाही अजून. तुम्ही नाही आलात तर मी ज्वारीतच घालणार.” पुढच्या रविवारी आले.

आता काका उडवतात आणि मास्टर माझ्याकडे असतो. मी आकाशातच बघतो, पुटपुटत राहतो: “काका, लांब गेलं, वळवा.” ते म्हणतात, “दिसतंय रे.” कधी दिसत असतं, कधी नसतं. नसलं की मी स्विच सोडतो, विमान त्यांच्या समोर आणतो, परत दाबतो. त्यांनी विचारायचं नाही, मी सांगायचं नाही, असं आपोआप ठरलंय.

गेल्या रविवारी मात्र उतरल्यावर त्यांनी विचारलंच, “किती वेळा घेतलंस?”

“एकदाच, काका.”

“दोनदा,” ते म्हणाले. “दुसऱ्या वळणावर ते माझं ऐकत नव्हतं.” आणि बॅटरी काढून चार्जिंगला लावायला गेले.

पुढचा भाग बॅटऱ्यांवरच करू. फुगलेली लिपो घरात ठेवणाऱ्यांनी तो आवर्जून ऐका.