शीळकरी कस्तूर आणि शेकरू

सह्याद्रीच्या दाट जंगलात शीळकरी कस्तूर आणि शेकरू एकाच झाडीत राहतात. एकाचा जीव ओढ्यात गुंतलेला, दुसऱ्याचा शेंड्यांत. कस्तूर साधारण 25 सेंटिमीटर लांबीचा, काळपट निळा पक्षी. कपाळावर आणि खांद्यांवर निळी झळाळी. शेकरू म्हणजे दीड-दोन किलोची मोठी खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शेपूट अंगाइतके किंवा त्याहूनही लांब.

कस्तूर आधी ऐकू येतो, मग दिसला तर दिसतो. पावसाळ्यात उजाडण्याआधीच त्याची शीळ सुरू होते. कोणी माणूस रमतगमत शीळ घालत चालला आहे, असेच वाटते. ही शीळ ज्यातून निघते, ते पक्ष्याचे स्वरयंत्र गळ्यात वर नसते. श्वासनलिका जिथे दुभंगते, तिथे छातीत असते. शेकरूला गाणे नाही. धोका दिसला, की ते खडखडणारा कर्कश आवाज काढते.

शेकरूचे खरे कसब झाडावर दिसते. मागच्या पायांनी फांदी पकडून ते उलटे लटकते, पुढच्या पंजांत फळ धरून कुरतडते आणि शेपटाने तोल सांभाळते. पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडण्याने झिजतात. फळे, बिया, फुले, साल हा त्याचा आहार. क्वचित पक्ष्यांची अंडीही. कस्तूर मात्र ओढ्याकाठी किडे, गांडुळे, खेकडे टिपतो, जोडीला रानफळे खातो.

घरटी पाहिली, की दोघांच्या गरजा कळतात. कस्तूर वाहत्या पाण्याजवळच्या कपारीत घरटे बांधतो. शेकरू उंच, बारीक फांद्यांवर काटक्या-पानांचे गोल घरटे करते, तेही एक नव्हे, अनेक. जड शिकारी प्राणी तिथवर सहसा पोहोचत नाही. शेकरू सहा मीटरपर्यंत झेप घेते, पण जमिनीवर फारसे उतरत नाही. म्हणून मधली चार झाडे तुटली, की पक्षी उडून पलीकडे जातो, शेकरूची वाट तिथेच खुंटते. भीमाशंकर परिसरातल्या, झाडे न तोडता राखलेल्या देवराया शेकरूसाठी म्हणूनच मोलाच्या आहेत.

भीमाशंकरला जाणाऱ्यांनी शेकरूला बिस्किटे, फुटाणे घालू नयेत, ओढ्याकाठच्या कपारींत हात घालू नये. रान राखणाऱ्या गावकऱ्यांनी एकमेकांना भिडलेल्या फांद्या तोडू देऊ नयेत.