भयाचा झटका व त्यावरील उपचार

(देवस्थानच्या सभामंडपात दिलेले व्याख्यान)



मनाच्या आजाराविषयी देवस्थानच्या व्यासपीठावरून बोलावे, असा आग्रह समितीने धरला हे मला विशेष वाटते. कारण आपल्या घराण्यांतून हा विषय माजघराबाहेर सहसा येत नाही.

जत्रेच्या रात्री या मंडपात दाटी असते. अशा वेळी एखादी धडधाकट व्यक्ती एकाएकी घामाघूम होते, छाती धडधडते, श्वास पुरेनासा होतो आणि ‘आता मी मरणार’ अशी तिची खात्री होते. बहुधा दहाएक मिनिटांत हा वेग पराकोटीस पोहोचतो व मग ओसरतो. इस्पितळात काढलेला हृदयाचा आलेख निर्दोष निघतो आणि घरची मंडळी म्हणतात, “काही झालेले नाही, उगाच मनाला लावून घेऊ नकोस.” हे प्रेमाने म्हटले जाते, पण ते खरे नव्हे. वाघ समोर आला असता शरीराने पळण्याची जी सिद्धता करावी, ती येथे वाघ नसताना झालेली असते. धडधडीचा अर्थ मन हृदयविकार असा लावते. त्याने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. हे दुष्टचक्र डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली स्पष्ट करून मांडले.

झटक्याहून पुढच्या झटक्याची धास्ती अधिक घातक. मनुष्य प्रथम गर्दी टाळतो, मग बस, मग फेरीबोट, शेवटी घराचा उंबरठाही. पालखीला न येणाऱ्या सुनेला आपण माणूसघाणी ठरवून मोकळे होतो!

देवाला प्रसाद लावावा काय, असे मला विचारतात. अवश्य लावावा, मात्र उजव्या पाकळीची वाट पाहत तपासणी लांबवू नये. आपल्या कांदोळीच्या आबे फारियांनी १८१९ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, संमोहनाचे सामर्थ्य प्रयोग करणाऱ्यापाशी नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या ठायी असते, असे प्रतिपादिले. त्यांचा पुतळा पणजीत अभिमानाने दाखविणारे आपण बांबोळीच्या मनोविकार संस्थेची पायरी चढताना मात्र कोणी ओळखीचे भेटेल म्हणून तोंड लपवितो.

हृदय व थायरॉइड तपासून घेतल्यावर उपचार दोन प्रकारचे. एकात चिकित्सक रुग्णास मुद्दाम जिना चढावयास लावतो, धाप व धडधड निरुपद्रवी असल्याचा अनुभव देतो, आणि टप्प्याटप्प्याने त्याला पुन्हा गर्दीत नेतो. दुसरा गोळ्यांचा. नैराश्यावरील काही औषधे येथेही उपयोगी पडतात. पण गुण येण्यास काही आठवडे लागतात व आरंभी बेचैनी थोडी वाढूही शकते. तत्काळ शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय जडते, म्हणून त्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नयेत.

आता सोयरिकीचा प्रश्न. स्थळ मोडेल या भयाने आईबाप मुलीचा आजार दडवितात. लग्नानंतर ती सासरी गोळ्या लपवून घेते. लपविणे अशक्य झाले की एकदम बंद करते. मग घेरी, अस्वस्थता, निद्रानाश सुरू होतो आणि सारे म्हणतात, आजार उलटला. पुष्कळदा तो गोळ्या अकस्मात तोडल्याचा परिणाम असतो. वैद्यकीय सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरविली तर हा त्रास बराचसा टळतो. सोयरीक जुळविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी मधुमेहाच्या गोळीइतक्याच सहजपणे या गोळीची विचारपूस करावी, एवढी माझी विनंती आहे. ज्यांना घरात बोलणे अवघड वाटते त्यांच्यासाठी २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६.